सव्वा मुठीचा माणूस

आमच्या गावात कोणाचं ऑपरेशन झालंय आणि कोणाचं राहिलंय, हे मला तोंडपाठ आहे. त्यात माझं काही कौतुक नाही, माझं कामच ते आहे. मी आशा आहे. सरकार मला स्वयंसेविका म्हणतं, गाव 'दवाखानावाली ताई' म्हणतं आणि माझी सासू 'गावभर फिरणारी' म्हणते. माझ्याकडे एक लांबट वही आहे. तिच्यात एकेका जोडप्याचं नाव, मुलं किती, धाकटं केवढं, आणि सगळ्यात शेवटी एक रकाना असतो, कायमची पद्धत. तो रकाना भरेपर्यंत वरचे साहेब मला सोडत नाहीत आणि मी बायकांना सोडत नाही.

बायकांना म्हणाले ते मुद्दाम. नव्यानव्याने मी पुरुषांनाही विचारायची. आमचं गाव रनाळ्याच्या बाजूचं, सपाटीवरचं. संध्याकाळी डेअरीपुढे सगळे नवरे एका जागी सापडतात. मी वही घेऊन उभी राहिले की कोणाला दुधाची किटली आठवायची, कोणाला मोटार बंद करायची राहिलेली असायची. जे थांबायचे त्यांच्याकडे कारणं तयार असायची. एकाला विहिरीत उतरावं लागतं. एकाचा मणका आधीच सरकलेला. एकाच्या साडूच्या भावाने केली होती नसबंदी, त्याला नंतर चष्मा लागला. नंदुरबारला आमचं प्रशिक्षण झालं तेव्हा धडगावच्या डोंगरातल्या, नवापूरच्या कडेच्या, सगळीकडच्या आशा आल्या होत्या. कोणी घरी पावरी बोलणारी, कोणी भिली, कोणी आदिवासींची कोकणी, मी अहिराणी. एकमेकींचं निम्मं बोलणं समजत नव्हतं. पण नवऱ्यांची कारणं निघाली तेव्हा एकीलाही दुसरीचं वाक्य पूर्ण ऐकावं लागलं नाही.

मग मी पुरुषांना विचारणं सोडलं. बाईला तयार करणं सोपं असतं. ती आधीच थकलेली असते, तिला फक्त कोणीतरी सांगायला हवं असतं. दर हिवाळ्यात मी बायका जमवायची, जीपमध्ये भरायची, शिबिराला न्यायची आणि रकाना भरायची. साहेब शाबासकी द्यायचे. त्या शाबासकीची मला आज लाज वाटते.

आता माझ्या घरचं सांगते, कारण दिव्याखाली अंधार कसा असतो ते गावाला माझ्याच घरात दिसत होतं.

मला दोन मुली. दोन्ही वेळा सिझर. दुसऱ्या वेळी रक्त थांबेना. मी टेबलावर होते, अर्धवट शुद्धीत, आणि डॉक्टरीणबाई दाराशी जाऊन माझ्या नवऱ्याला विचारत होत्या, "पोट उघडं आहे तोवर सांगा, नळ्या बांधून टाकू का? पुन्हा हिला टेबलावर आणू नका." मी आत मान हलवत होते, पण मला कोणी विचारत नव्हतं. नवरा म्हणाला, "आईले इचारी देखस." त्याने फोन लावला. सासू म्हणाली, "थांब, आप्पाले इचारस." आप्पा म्हणजे माझे चुलत सासरे, आमच्या भाऊबंदकीतले सगळ्यात मोठे. ते शेतात होते. त्यांना बांधावरून बोलावून आणलं. त्यांनी फोन कानाला लावला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घाई काय शे? एक आंडोर व्हऊ द्या, मंग देखू." आंडोर म्हणजे मुलगा. हा निरोप आप्पांकडून सासूकडे, सासूकडून नवऱ्याकडे आणि नवऱ्याकडून दारापर्यंत येईस्तोवर माझे टाके घालून झाले होते. माझ्या पोटाचा निर्णय मिरचीच्या वाफ्यात उभ्या असलेल्या माणसाने घेतला.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला स्वच्छ सांगितलं. तिसरं बाळंतपण तुला झेपणार नाही. आणि आता नुसत्या नळ्यांसाठी पोट उघडायचं तर आत सगळं चिकटलेलं असणार, तेही सोपं नाही. मिस्टरांना सांग, त्यांचं दहा मिनिटांचं काम आहे. मी तांबी बसवून पाहिली. रक्त जाणं थांबेना, काढावी लागली. राहिली निरोधची पाकिटं. ती मी गावात घरोघर वाटते, आणि माझ्याच घरात ती कधी सापडायची नाहीत, कधी नवऱ्याला आठवायची नाहीत.

एका कार्तिकात माझी पाळी पुढे गेली. पाच दिवस, आठ दिवस, बारा दिवस. धाकटी तेव्हा दोन वर्षांची होती. दुसऱ्यांच्या सुनांसाठी तपासणीच्या पट्ट्या माझ्या पिशवीत असतातच. मी मोरीत कडी लावून बसले आणि पट्टीवर एकच रेघ उमटेपर्यंत मला दोन्ही मुलींचे चेहरे दिसत राहिले. मी मेले तर यांच्या वेण्या कोण घालेल, एवढाच विचार मनात होता. एकच रेघ आली, दिवस गेले नव्हते. बाहेर येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "आता तुम्ही करून घ्या. मला मरायचं नाहीये."

माझा नवरा वाईट माणूस नाही. हंगामात तो नंदुरबारच्या मिरची बाजारात हमाली करतो, बाकी दिवस आमच्या तीन एकरांत राबतो. मिरचीने भरलेलं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चढतो तेव्हा त्याला घाम येत नाही. मी हे बोलल्यावर मात्र त्याला दरदरून घाम फुटला. "मंग पोतं कोन उचली?" असं विचारलं त्याने. मी त्याला चित्र काढून दाखवलं, हेच चित्र मी गावभर दाखवते. कापायचं काय, राहायचं काय, ताकद कुठून येते, सगळं सांगितलं. त्याने चित्राकडे बघितलंच नाही.

सासूने भिंतीपलीकडून ऐकलं होतं. तिने चुलीपुढूनच निकाल दिला. "मन्हा पोऱ्याले काही व्हयनं ते? बाईना जीव चिवट ऱ्हास. मन्हं आपरेशन व्हयनं, मी आठवा दिनले निंदाले गयथू." तिचं जुन्या काळचं, टाक्यांचं ऑपरेशन. आठव्या दिवशी ती वाकून निंदणी करत होती, ही गोष्ट तिने मला लग्नानंतर इतक्या वेळा सांगितली आहे की तिचे टाकेही मला पाठ झालेत.

सासूची खरी अडचण वेगळी होती. ती समजायला आमची कानबाई माहीत पाहिजे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते आणि तिच्या नैवेद्याला रोट असतात, म्हणजे पुरणाच्या जाड पोळ्या. ते रोट भाऊबंदांनीच खायचे. त्यासाठीचे गहू आधी मोजून घेतात, आणि आमच्या भाऊबंदकीत ते घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजतात. प्रत्येक पुरुषाची सव्वा मूठ. म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत ज्याला त्याला आपली मूठ असते. बाईला नसते. ती फक्त निवडते, दळून आणते, पुरण वाटते आणि रोट भाजते. सासरे गेल्यापासून आमच्या घरची एकच मूठ पडते, नवऱ्याची. मोठ्या दिरांच्या घरच्या चार पडतात. दरवर्षी सुपात आमची एकुलती मूठ पडली की सासूचा चेहरा उतरायचा. तिला दुसरी मूठ हवी होती आणि ती माझ्या पोटातून यायला हवी होती.

डिसेंबरात शिबिर लागलं. माझ्याकडे सहा बायका होत्या. जीप ठरली होती, पण ड्रायव्हर आदल्या दिवशी तापाने पडला. नवऱ्याला जीप चालवता येते, म्हणून मी त्यालाच नेलं. एरवी तो शिबिराच्या आसपासही फिरकला नसता. दवाखान्यात सकाळपासून उपाशी बायका व्हरांड्यात ओळीने बसल्या. एकेक आत जात होती आणि गुंगीत बाहेर आणून गादीवर ठेवली जात होती. सहांपैकी एकीचाही नवरा आला नव्हता. एकाचं पाणी भरायचं होतं, एकाकडे पाहुणे आले होते. परत निघताना गुंगीतल्या बायकांना जीपमध्ये चढवायचं कोणी? स्ट्रेचर एक, बायका सहा. माझ्या नवऱ्याने एकेकीला दोन्ही हातांवर उचलून आणलं. सगळ्यात हलकी होती आमच्या गल्लीतली एक, तीन मुलांची आई. तिला उचलताना तो मध्येच थांबला. मला वाटलं, तोल गेला. तो म्हणाला, "हाई काहीच वजननी नही." ती बाई गुंगीतच बोलत होती, "ताई, घर कव्हय जावानं? म्हैस दोहानी शे."

परतीच्या वाटेवर त्याने जीप इतकी हळू चालवली की मागून ट्रॅक्टर पुढे गेले. प्रत्येक खड्ड्याला तो मागे वळून बघायचा. घरी आला, जेवला, झोपला. चौथ्या दिवशी मिरचीची पोती रिकामी करून आला आणि म्हणाला, "मन्हं नाव लिखी टाक."

"कुठे?"

"तुन्हा त्या वहीमा."

त्याच्या ऑपरेशनला जाण्याचं वर्णन मी करू नये, पण राहवत नाही. त्याने आदल्या दिवशी केस कापले. सकाळी नवा शर्ट घातला, मारुतीला नारळ फोडला, दोन्ही मुलींच्या डोक्यावरून हात फिरवला आणि शेत कोणत्या गटात आहे ते मला सांगून ठेवलं. आत गेला. मी व्हरांड्यात चहा सांगितला, तो येऊन निवेपर्यंत हा बाहेर. "झायं?" त्याने मलाच विचारलं, जसं काही माझं होतं. टाका एकही नव्हता. डॉक्टरांनी दोन दिवस आराम, आठवडाभर ओझं नाही आणि तीन महिने पाकिटं, मग तपासणी, असं सांगितलं.

वाटेत त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं की आईला सांगायचं नाही. मी कबूल केलं. दुसऱ्यांच्या घरी मी छातीठोकपणे बोलते, स्वतःच्या घरी मीही घाबरट आहे. सासूला सांगितलं की पोतं उचलताना कमरेत लचक भरली. मग काय विचारता. सासूने विटा तापवून शेक दिला. हळदीचं दूध केलं. डिंकाचे लाडू वळले, तूप सुटेल इतके. माझ्या दुसऱ्या सिझरला लाडू झाले होते, पण मुलगी म्हटल्यावर डिंक कमी आणि गूळ जास्त पडला होता. हा बाजेवर पडून लाडू खात होता आणि मी त्याची चादर सारखी करत होते. डॉक्टरांनी दोन दिवस सांगितले होते, त्याने बारा घेतले. तेराव्या दिवशी तो पोतं उचलून फळीवर चढला. चष्मा लागला नाही.

तीन महिन्यांनी तपासणी झाली, निकाल चांगला आला. त्या रात्री मी कित्येक वर्षांनी मोकळी झोपले. ते सुख मला नीट सांगताही येणार नाही. महिन्याच्या तारखांकडे आता मी भिंतीवरच्या पालीकडे बघावं तशी बघत नव्हते.

इथपर्यंत सगळं नीट होतं. मग जुलैत लोकसंख्या दिन आला आणि साहेबांना आठवलं की आपल्याकडे एक पुरुष आहे. गेल्या कित्येक वर्षांत बाकी कुठे सापडला नव्हता. त्यांनी त्याचा सत्कार ठरवला. मी विनवलं, साहेब, घरी माहीत नाही, गाजावाजा नको. साहेब म्हणाले, "अहो, फक्त आपला घरचा कार्यक्रम आहे." घरच्या कार्यक्रमाला मंडप होता. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल आणि तुळशीचं रोप. ज्या साहेबांनी भाषणात पुरुषांनी पुढे यावं असं तीनदा सांगितलं, त्यांच्या मिसेसचं ऑपरेशन झालंय हे माझ्या वरच्या बाईंनी मला कानात सांगितलं. फोटो निघाला. साहेब म्हणाले, तो ऑफिसच्या ग्रुपवरच जाईल. आम्ही एसटीतून उतरेपर्यंत तो गावाच्या ग्रुपवर आला होता. माझा नवरा हातात तुळस घेऊन, फाशीला नेतात तशा चेहऱ्याने उभा, आणि खाली लिहिलेलं, 'समाजापुढे आदर्श'.

सासूला फोटो मोठ्या जावेने दाखवला. सासू घरात आली, नवऱ्यापुढे उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "कंबर व्हती ना ती?" मग ती गप्प झाली. भाकरी करायची, वाढायची, पण दोघांशीही शब्द नाही. मला वाटलं होतं ती आरडाओरडा करेल, मला शिव्या देईल. त्याला माझी तयारी होती. या गप्प बसण्याला नव्हती. मला तिची दया आली आणि तिचा रागही आला, दोन्ही एकदम. नवऱ्याने डेअरीवर जाणं बंद केलं. तिथे त्याला कोणी कोणी 'आदर्श' म्हणून हाक मारत होतं.

अशात श्रावण लागला आणि गहू मोजायचा दिवस आला. सगळी भाऊबंदकी आप्पांच्या ओसरीवर जमली. आप्पांची बायको गेल्यापासून मूठ टाकायचा मान माझ्या सासूचा आहे. ती सुपापुढे बसली, शेजारी गव्हाचं पोतं. आप्पा एकेक नाव घेत होते आणि ती सव्वा सव्वा मूठ टाकत होती. आप्पांची पडली. मोठ्या दिरांची पडली. त्यांच्या तीन मुलांची पडली. आठ महिन्यांचा एक पणतू आजीच्या मांडीलाच अंथरूण समजून ओला झाला होता, त्याची पडली. एक चुलत दीर नेहमीप्रमाणे पिऊन बसस्टँडवर आडवा होता, त्याचीही पडली. मग माझ्या नवऱ्याची पाळी आली आणि आप्पा थांबले.

"याना नावनी मूठ टाकानी का नही?" त्यांनी ओसरीला विचारलं.

मला आधी वाटलं, थट्टा आहे. थट्टा नव्हती. चांगली जाणती माणसं खरोखर विचार करू लागली. एक म्हणाले, देवीचं काम आहे, शंका नको. एक म्हणाले, पण तो पुरुष तर आहेच. त्यावर तिसऱ्याने विचारलं की नक्की आहे का. एका समंजस माणसाने तोडगा काढला, "अर्धी टाका." नसबंदीनंतर माणूस किती उरतो याचा हिशोब माझ्या प्रशिक्षणात नव्हता, तो त्या ओसरीवर चालला होता. बायका दाराआड उभ्या होत्या. मी पुढे होऊन बोलणार होते, माझ्या तोंडात पुष्कळ काही आलं होतं, पण नवरा आधी बोलला. खांबाला टेकून उभा होता तो. खाली बघत म्हणाला, "नका टाकू. मी घर जाईसन पोळी खाई लिसू."

तो हे अगदी साधं बोलला, आणि मला रडू आलं. ज्याने माझा जीव वाचवायला एवढं केलं, तो सव्वा मूठ गव्हासाठी असा उभा होता.

आप्पा सासूला म्हणाले, "तू सांग. तुन्हा आंडोर शे."

सासूचा हात पोत्यात होता. तिने मान वर केली नाही. पंधरा दिवसांनी ती पहिल्यांदा चार माणसांत बोलली.

"मन्हं आपरेशन व्हयनं, तवय कोन्ही इचारं का, हिन्ही मूठ टाकानी का नही म्हनीसन?"

आप्पा सुपातले गहू निरखू लागले.

"नही इचारं. मन्ही मूठच नव्हती," ती म्हणाली. "आठवा दिनले निंदाले गयथू मी. टाका उसवना व्हता. लुगडं वल्लं व्हयनं, तरी निंदं."

टाका उसवल्याचं तिने मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. तिने पोत्यातून मूठ भरून सुपात टाकली, वर पाव मूठ टाकली आणि माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. मोठ्याने घेतलं. मग पुन्हा हात पोत्यात घातला आणि आणखी सव्वा मूठ टाकली. "हाई मन्ही सूननी." मग तिसरी. "आनि हाई मन्ही."

आप्पा म्हणाले, असं कधी झालेलं नाही. सासू म्हणाली, मग पुढच्या वेळी मूठ तुम्ही टाका, पुरण पण तुम्हीच वाटा. आप्पांनी पुढचं नाव घेतलं.

त्या वर्षी आमच्या घरच्या तीन मुठी पडल्या. घरी येताना माझी थोरली हात धरून चालत होती. तिने सगळं बघितलं होतं. तिने आजीला विचारलं, "मन्ही मूठ कोठे शे?" मी सासूकडे बघितलं. मला वाटलं, आजचा दिवस तसा आहे, हीही पडेल. सासू म्हणाली, "पोरीसनी नही ऱ्हास. त्या लगीन करीसन दुसराना घर जातीस." आणि पदर खोचून पुढे निघाली, जसं काही ती स्वतः दुसऱ्याच्या घरून आली नव्हती.

माझं डोकं सणकलं. वाटेतच भांडणार होते, पण नवऱ्याने माझ्या हातातलं गव्हाचं ओझं घेतलं आणि डोळ्यांनीच म्हणाला, आज नको. ठीक आहे, आज नाही. ते भांडण मी पुढच्या श्रावणात करेन. पुढच्या श्रावणात मी असेन.